मागच्याला अंदाज द्या

एसटीच्या ड्रायव्हरला सायकल कशी दिसते, हे सायकल चालवणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, सायकल चालते डाव्या कडेने. लांब असते तोवर ती पुढच्या काचेत स्वच्छ दिसते. बस जवळ येते तशी ती काचेच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकते, मग काच आणि दार यांच्यामधल्या खांबाआड जाते, आणि बस बरोबरीला आली की खिडकीच्या पातळीखाली जाऊन दिसेनाशीच होते. तिथून पुढे ड्रायव्हरपाशी दोनच गोष्टी उरतात, डावा आरसा आणि काही सेकंदांपूर्वी बांधलेला अंदाज. ओव्हरटेक नेमका तेव्हाच चाललेला असतो.

मी नोकरी एसटीत केली. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून इथल्या डेपोतून पैठण, कन्नड, सिल्लोड, पुणे अशा गाड्या चालवल्या. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली. आता सकाळी गारखेड्यातून निघतो, बीड बायपासने महानुभाव आश्रम चौक गाठतो आणि तिथून पैठण रोडने नक्षत्रवाडी, चितेगाव करत बिडकीनजवळ पुतण्याच्या शेतावर जातो. ज्या रस्त्यावर मी सायकलींच्या मागून यायचो, त्याच रस्त्यावर आता माझ्या मागून गाड्या येतात. दोन्हीकडून रस्ता बघितल्यावर माझी एक खात्री झाली आहे. मागून येणारा ड्रायव्हर तुमच्याकडे बघून तुमच्या पुढच्या चार-पाच सेकंदांचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर गाडी पुढे काढतो. तो अंदाज त्याला लवकर आणि बरोबर बांधता यावा, एवढं सायकलवाल्याच्या हातात असतं. आणि ते थोडंथोडकं नाही.

लोकांची भीती खोटी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांत सायकलवाले पावणेपाच हजारांहून जास्त होते. सगळ्या वाहनांचे मिळून जे अपघात झाले, त्यांत मागून धडक हा प्रकार पहिल्या क्रमांकावर होता. साधारण पाचांतला एक अपघात असा. सायकलींचे जास्त अपघात चौकात आणि वळणावर होतात, पण मागून बसलेली धडक जीवावर बेतते, कारण ती मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण वेगात बसते. 28 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर अवतार सैनी यांना मागून आलेल्या टॅक्सीने धडक दिली आणि त्यात ते गेले. इंटेलच्या 386 आणि 486 चिपवर काम केलेला, पेंटियमच्या कामाचं नेतृत्व केलेला हा माणूस 68 वर्षांचा होता आणि आपल्या सायकल ग्रुपबरोबर निघाला होता. अरुंद गल्लीत नव्हे, रुंद आणि सरळ रस्त्यावर हे घडलं. आपल्याकडे बीड बायपास आणि पैठण रोड रुंद झाले तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं की आता सायकलवाल्याने जास्त जपायला हवं.

सुरुवात जागेपासून करतो. 'कडेने जा' हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण कडेने म्हणजे डांबराच्या शेवटच्या वितीवरून नव्हे. दोन पदरी रस्त्याचं डांबर साधारण 7 मीटर रुंद, म्हणजे एका दिशेला साडेतीन. एसटी किंवा ट्रक अडीच मीटरच्या आसपास. सायकलवाला अगदी कडेला चिकटला तरी त्याचे खांदे, हँडल धरून पाऊण मीटर लागतोच. बाकी राहिला पाव मीटर. म्हणजे समोरून गाडी येत असताना ड्रायव्हरने आपल्याच पट्ट्यात राहून सायकलीला ओलांडणं शक्यच नसतं. त्याला मधली रेघ ओलांडावी लागते किंवा थांबावं लागतं. पण सायकल कडेला चिकटलेली दिसली की ड्रायव्हरला वाटतं, निघेल की. मग तो रेघ न ओलांडता निघायला बघतो. यालाच आपण कट मारला म्हणतो. पुष्कळदा त्यामागे दुष्टपणा नसतो, चुकलेलं माप असतं.

म्हणून मी डांबराच्या कडेपासून हातभर, दीड हात आत चालवतो. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं की या माणसाला ओलांडायचं तर स्टिअरिंग वळवावं लागणार. तो आधीच तयारी करतो, समोर बघतो, मोकळं असेल तर पूर्ण बाहेरून जातो. आत राहण्याचा दुसरा फायदा असा की गाडी खरोखर जवळून आलीच, तर डावीकडे सरकायला जागा शिल्लक असते. कडेवरून जाणाऱ्याकडे ती नसते.

कडेपासून आत राहण्याचं आणखी एक कारण मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपली माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि साइडपट्टी डांबरापासून खाली बसत जाते. नवा थर टाकला की डांबर आणखी वर. ठिकठिकाणी चार-सहा बोटांची पायरी तयार होते. मागून हॉर्न वाजला, सायकलवाला दचकला, पुढचं चाक त्या पायरीवरून खाली उतरलं, इथवर ठीक असतं. जीव जातो तो परत वर चढताना. माणूस घाईने हँडल उजवीकडे वळवतो; चाक पायरीला समांतर घासत राहतं, चढत नाही; सायकल तिथंच अडकते आणि अंगाचा तोल उजवीकडे जातो. म्हणजे माणूस पडतो तो मातीत नव्हे, डांबरावर, मागून येणाऱ्या चाकांपुढे. चाक खाली गेलं तर जाऊ द्यावं. हँडल सरळ धरावं, पायडल थांबवावं, मागचा ब्रेक हळू दाबून साइडपट्टीवरच उभं राहावं. गाड्या जाऊ द्याव्यात आणि सायकल हाताने उचलून वर घ्यावी. पावसात त्या मातीवर पुढचा ब्रेक दाबू नये, चाक घसरतं.

आता मागे बघण्याचं. आमच्या शेजारचा एक मुलगा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला सायकलने जातो. तो मला म्हणाला, "काका, मागं बघायला गेलो की हँडल उजवीकडंच जातं. त्यापेक्षा न बघितलेलं बरं वाटतं." त्याचं निरीक्षण अचूक होतं. मान आणि खांदे उजवीकडे वळले की उजवा हात मागे ओढला जातो आणि हँडल त्याच्याबरोबर येतं. रविवारी सकाळी त्याला विद्यापीठाच्या आवारात घेऊन गेलो. तिथे रस्ता मोकळा असतो आणि कडेला पांढरी रेघ असते. त्याला म्हटलं, रेघेवरून चालव, आणि मी मागे उभा राहून किती बोटं दाखवतोय ते वळून सांग. पहिल्यांदा तो रेघेपासून दोन हात लांब गेला. मग त्याला सांगितलं, बघण्याआधी उजव्या हाताची पकड सैल कर, कोपर किंचित वाकव, डाव्या हाताने हँडल नीट धर, आणि खांदा न वळवता हनुवटीच खांद्यावर टेकव. पायडल मारणं थांबवू नकोस. थोड्या वेळाने तो रेघ न सोडता बोटं बरोबर सांगायला लागला. "आता जालना रोडवर जमेल का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आठवडाभर रोज घरासमोर कर, मग जमेल."

मागे वळून बघण्याचा उपयोग दुहेरी आहे. गाडी किती लांब आहे ते तुम्हाला कळतं, हा एक. दुसरा फायदा मला ड्रायव्हरच्या सीटवरून कळला. पुढच्या सायकलवाल्याने मान वळवून बघितलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून निघतो. त्याला कळतं की हा माणूस काहीतरी करणार आहे, उजवीकडे येणार आहे, खड्डा चुकवणार आहे. मान वळली की चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की ती नुसती सायकल राहत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी बघायचं, मग उजवा हात सरळ बाहेर काढायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, परत बघायचं, आणि जागा दिली असेल तरच सरकायचं. खड्डा अगदी चाकापुढे येईपर्यंत सरळ जाऊन ऐन वेळी उजवीकडे उसळी घेणं, याच्याइतकं मागच्याला फसवणारं दुसरं काही नाही. खड्डा लांबूनच बघून ठेवावा आणि पन्नास पावलं आधीपासून हळूहळू बाहेर यावं. तेवढी संधी नसेल तर ब्रेक दाबून खड्ड्यातूनच जावं. रिम वाकली तर दुकानात सरळ होते.

हँडलच्या उजव्या टोकाला लावायचा छोटा गोल आरसा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो जरूर लावावा, पण त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, हे लक्षात ठेवावं. मागे काय चाललंय याची जाग आरशाने राहते. सरकण्याचा निर्णय मात्र मान वळवूनच घ्यावा. गार्मिन कंपनीचा व्हॅरिया नावाचा एक मागचा दिवाही आहे, तो रडारने मागची गाडी ओळखून पुढे सूचना देतो. साध्या सायकलीपेक्षा त्याची किंमत जास्त आहे, त्यामुळे कंपनीत डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. कान मात्र फुकट आहेत. जुन्या एसटीचा, ट्रकचा, टेम्पोचा आवाज लांबून ओळखू येतो. पण ई-शिवाई बस आणि बॅटरीच्या स्कूटर अंगावर येईपर्यंत ऐकू येत नाहीत, आणि समोरचा वारा असला तर डिझेलची गाडीही उशिरा कळते. कानात इयरफोन घालून पैठण रोडवर सायकल चालवणारी मुलं बघितली की माझा जीव खाली-वर होतो.

हॉर्नचंही थोडं सांगायला हवं. लांबून दिलेले दोन छोटे हॉर्न म्हणजे 'मी येतोय, आहेस तसाच चालत राहा'. ते ऐकून दचकायचं नाही, कडेला उडी मारायची नाही, मागे न बघता उजवीकडे तर मुळीच यायचं नाही. सरळ, त्याच रेषेत चालत राहायचं. ड्रायव्हरने तुमची रेषा धरूनच आपली रेषा ठरवलेली असते. जवळ येऊन सलग वाजणारा हॉर्न वेगळा. त्याचा अर्थ बहुधा असा की समोरूनही गाडी येते आहे आणि याला थांबायचं नाही. तिथे हक्काचा प्रश्न बाजूला ठेवून साइडपट्टीवर उतरावं. 'हॉर्न ओके प्लीज' असं ट्रकच्या मागे लिहायला महाराष्ट्रात 2015 मध्ये बंदी आली. अक्षरं पुसली गेली, हॉर्नवर रस्ता मोकळा होतो हा समज गेला नाही.

एक गाडी गेली म्हणजे सुटलो असं सायकलवाल्याला वाटतं. ड्रायव्हर म्हणून सांगतो, धोका तिथून सुरू होतो. पहिल्या ड्रायव्हरने तुम्हाला पाचशे फुटांवरून बघितलेलं असतं. त्याच्या मागे चिकटून येणाऱ्याने बघितलेला असतो फक्त पुढच्या गाडीचा मागचा पत्रा. पुढची बस उजवीकडे सरकते, आणि तिच्या आडून तुम्ही अचानक त्याच्या काचेत उगवता. म्हणून बस गेल्याबरोबर आत यायचं नाही. परत मागे बघायचं, निदान कानोसा घ्यायचा.

पैठण, गंगापूर, कन्नड या बाजूंना ऊस तुटायला लागला की यात भर पडते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर आलेले उसाचे शेंडे, आणि मागे दिवा असला तर असला. ट्रॅक्टर तुमच्यापेक्षा फार जोरात नसतो, त्यामुळे ओलांडायला त्याला वेळ लागतो. ट्रॅक्टर पुढे गेला, पहिली ट्रॉली गेली, माणसाला वाटतं झालं. आणि दुसरी ट्रॉली डुलत असते. पहिल्या ट्रॉलीपेक्षा दुसरी जास्त डोलते आणि तिच्यावर ट्रॅक्टरवाल्याचा ताबाही कमी असतो. अशा वेळी मी चालवतच नाही. मागून डेकचं गाणं आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की साइडपट्टीवर उतरतो, दोन्ही ट्रॉल्या जाऊ देतो. दोन मिनिटं जातात. मोठ्या ट्रकचा वाराही असाच फसवतो. तो आधी तुम्हाला बाहेर ढकलतो आणि शेपटी पुढे गेली की आत ओढतो. दोन्ही हात हँडलवर, कोपरं सैल, आणि आत ओढ बसणार हे आधीच धरून चालणं, एवढं केलं की सायकल सरळ राहते.

शहरात वेग कमी, पण चाली वेगळ्या. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे उड्डाणपूल आहेत. सायकलवाल्याने पुलाखालून जावं, हे उघड आहे. पण पूल उतरतो तिथे खालचा रस्ता आणि पुलावरचा रस्ता एक होतात, आणि पुलावरून गाड्या उताराच्या वेगाने तुमच्या उजव्या खांद्यामागून येतात. त्या जागेच्या आधी मान वळवलीच पाहिजे आणि डावी बाजू पक्की धरली पाहिजे. रिक्षाचा अंदाज मात्र मागे बघून येत नाही, पुढे बघून येतो. पुढे कडेला हात दाखवणारी बाई दिसली, तर तुमच्या मागून येणारी रिक्षा तुम्हाला ओलांडून लगेच डावीकडे आडवी येणार, हे धरून ब्रेकवर बोटं ठेवायची. सिटी बसचा थांबा असेल तर तेच. आणि डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही राहू नये. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, कित्येक फूट आतून जातं. जिथे तुम्ही सुरक्षित उभे आहात असं वाटतं, तिथूनच ते चाक जातं.

शनिवार-रविवारी दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे सायकलींचे थवे जातात. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटातल्या दरवाजातून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते. तिथे कडेने शिरलं की मागची कार बाजूने घुसायला बघते आणि दगडी भिंतीकडे सायकल दाबली जाते. दरवाजाच्या बरंच आधी मागे बघून, हात दाखवून रस्त्याच्या मध्यात यावं, दरवाजा मध्यातून पार करावा, आणि पुढे मोकळं झाल्यावर लगेच कडेला होऊन मागच्याला हाताने 'जा' म्हणावं. तेवढ्या हाताच्या इशाऱ्याने ड्रायव्हरचा राग उतरतो, हे मी स्टिअरिंगवर बसून अनुभवलं आहे.

उन्हाचा विचार फार थोडे लोक करतात. आपला जालना रोड पूर्व-पश्चिम. सकाळी चिकलठाणा, शेंद्र्याकडे जाणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं. संध्याकाळी शहरातून वाळूज, बजाजनगरकडे परतणाऱ्यांचंही तसंच. ज्या वेळी ऊन तुमच्या तोंडावर असतं आणि तुमची सावली तुमच्या मागे लांब पडलेली असते, त्या वेळी मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांतही तेच ऊन असतं. धूळ बसलेल्या काचेवर ते पसरतं आणि पुढचं सगळं पांढरं होतं. सायकल त्यात विरघळून जाते. माझा नेम असा की सावली मागे लांब गेली की मी मागचा लाल दिवा भर दिवसाही लुकलुकता ठेवतो. पाळी बदलायच्या वेळा थोड्या पुढे-मागे करता आल्या तर उत्तमच, पण ते कामगाराच्या हातात नसतं.

रात्रीचं गणित साधं आणि कठोर आहे. बस ताशी 60 किलोमीटरने, सायकल 15 ने. फरक 45 चा, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. गडद कपड्यातली, दिव्याशिवायची सायकल डिपरच्या उजेडात 25 मीटरवर दिसली, तर ड्रायव्हरकडे दोन सेकंद असतात. त्यातला एक-दीड सेकंद ओळखण्यात आणि पाय ब्रेकवर नेण्यात जातो. तीच सायकल लाल दिव्यामुळे 150 मीटरवर दिसली तर त्याच्याकडे 12 सेकंद असतात. 12 सेकंदांत तो चहाचा घोट घेऊनही तुम्हाला नीट ओलांडू शकेल. जुन्या डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझायचा. आता चार्जिंगचे दिवे काहीशे रुपयांत मिळतात. दिवा सीटखाली लावला आणि त्यावर डब्याची पिशवी लोंबली, की लावून न लावल्यासारखा. त्याचं तोंड जमिनीकडे नको, सरळ मागे हवं.

दिव्यासोबत रेडियम. ऑस्ट्रेलियात जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये रात्रीच्या रस्त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काळ्या कपड्यांतला सायकलवाला 2 टक्के वेळा ओळखू आला, नुसतं भडक रंगाचं जाकीट घातलेला 15 टक्के, जाकिटावर चमकणाऱ्या पट्ट्या असलेला 50 टक्के, आणि त्याशिवाय घोट्यांना व गुडघ्यांना पट्ट्या लावलेला 90 टक्के. कारण पायडल मारताना घोटे आणि गुडघे वर-खाली होतात, आणि त्या हालचालीवरून माणसाचं मन लगेच ओळखतं की हा माणूस आहे, रस्त्याकडेचा खांब नव्हे. आपल्याकडे गाड्यांना रेडियम लावून देणारी दुकानं चौकाचौकांत आहेत. तिथून लाल पट्टीचा तुकडा मागच्या मडगार्डला, पिवळा पायडलला आणि क्रँकला लावून घ्यावा. पँटची घडी धरायला जो पट्टा बांधतो, त्यावर थोडं रेडियम चिकटवलं तर सगळ्यांत स्वस्त उपाय झाला. दोनशे किलोमीटर आणि त्याहून लांबच्या ब्रेव्हे राइड करणाऱ्यांना रात्री पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचंच असतं. अमेरिकेतल्या 'रेस अॅक्रॉस अमेरिका'त रात्री स्पर्धकाच्या मागे त्याची स्वतःची गाडी दिवे लावून चालते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये ती स्पर्धा पूर्ण केली, तेव्हा त्यांच्याही पाठीमागे असाच उजेड होता.

एमआयडीसीत कितीतरी कामगार मागून येणाऱ्या गाडीच्या भीतीने उलट्या बाजूने सायकल चालवतात. "समोरची गाडी दिसते तरी," असं म्हणतात. पायी चालणाऱ्याला हे बरोबर आहे, सायकलवाल्याला नाही. मघाचं गणित उलटं करा. 60 आणि 15 ची वजाबाकी न होता बेरीज होते, 75. दोन सेकंदांचा सव्वा सेकंद उरतो. शिवाय सरळ बाजूला ड्रायव्हरला वाट मिळाली नाही तर तो तुमच्या वेगाला येऊन मागे थांबू शकतो. समोरासमोर तो पूर्ण थांबला तरी तुम्ही त्याच्यावर येतच असता. आणि गल्लीतून बाहेर येणारा मोटारसायकलवाला उजवीकडे बघून रस्त्यावर येतो, तुमच्याकडे बघतच नाही.

शाळेच्या मुलींविषयी मला वेगळी माया आहे. मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलींवर खेड्यांतल्या मुली पाच-पाच किलोमीटर शाळेत जातात. त्याच कार्यक्रमातल्या निळ्या बसही मी बघितल्या आहेत, आणि सायकलवाल्या मुलींच्या मागून गाडी हाकलीही आहे. त्या बोलत, दोघी-तिघी बरोबरीने जातात. त्यांना नुसतं रागावून उपयोग नाही. रिकाम्या रस्त्यावर दोघी बरोबरीने असल्या तर लांबून दिसतात, हे खरं आहे. त्यांच्या सरांना-मॅडमना एवढंच सांगावंसं वाटतं की रोज एकीला शेवटची नेमा. तिने कान मागे ठेवायचा आणि गाडी आली की 'गाडी!' म्हणून ओरडायचं, की सगळ्या एका रांगेत. कोणी कुणाच्या आधी सरकायचं तेही ठरलेलं हवं, नाहीतर दोघी एकाच जागेत घुसतात. आणि ओढणी बांधलेली हवी. ती चाकात गेली की मुलगी क्षणात रस्त्यावर असते.

इतकं सगळं सायकलवाल्याला सांगितलं म्हणून चूक त्याची ठरत नाही. जास्त वजन, जास्त वेग ज्याच्या हातात, जास्त जबाबदारी त्याची. फ्रान्समध्ये सायकलीला ओलांडताना गावात 1 मीटर आणि बाहेर दीड मीटर अंतर सोडावंच लागतं. जर्मनीत 2020 पासून गावात दीड आणि बाहेर 2 मीटर. आपल्याकडे लायसन काढताना असा आकडा कुणी विचारत नाही. मी नव्या ड्रायव्हरांना सांगायचो, सायकलवाला आत्ता उजवीकडे आडवा पडला तरी माझ्या चाकाखाली येणार नाही, एवढं अंतर सोडून काढा. तेवढं मिळत नसेल तर मागे थांबा. पैठणला दोन मिनिटं उशिरा पोहोचल्याने कुणाचं काही अडत नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी सायकलीवर अंतर मोजणारा सेन्सर लावून गाड्यांचं अंतर मोजलं आणि 2007 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी हेल्मेट घातलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जास्त जवळून गेल्या. लांब केसांचा टोप घातल्यावर जास्त अंतर मिळालं. म्हणजे ड्रायव्हर समोरच्याला बघून त्याच्या कौशल्याचाही अंदाज बांधतो. हेल्मेट घालूच नये असा याचा अर्थ मी काढत नाही, मी घालतो. पण हेल्मेटने मागची गाडी लांब राहत नाही, हे समजून असावं.

धडक देऊन गाडी पळून गेली, तर घरच्यांना बहुधा वाटतं की आता काही मिळणार नाही. 1 एप्रिल 2022 पासून अशा अनोळखी वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर 2 लाख आणि गंभीर जखमी झाल्यास 50 हजार रुपये भरपाई सरकारी योजनेतून मिळते. अर्ज उपविभाग किंवा तालुका पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवायचे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण आलं आहे. 108 ला फोन करावा आणि जखमीला ओढून-ताणून बसवू नये.

लंडनच्या पोलिसांनी सायकलवाल्यांना उभ्या ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसवण्याचा एक उपक्रम चालवला. वाळूजच्या आणि शेंद्र्याच्या कंपन्यांना हे सहज जमेल. कंपनीची बस तर आवारात उभीच असते. सुट्टीच्या सकाळी सायकलने येणाऱ्या कामगारांना एकेक करून ड्रायव्हरच्या जागेवर बसवा. दुसऱ्याने सायकल घेऊन बसभोवती हळूहळू फिरायचं, आणि वरचा माणूस 'गेली' म्हणाला की तिसऱ्याने तिथे चुन्याची फक्की टाकायची. डाव्या दारापाशी आणि अगदी पुढे, बंपरजवळ, दोन मोठे पांढरे पट्टे तयार होतील. मग कंपनीच्या ड्रायव्हरांना खाली उतरवून सायकलवर बसवा आणि दुसऱ्या बसने त्यांच्या बाजूने दीड मीटरवरून जा, मग अर्ध्या मीटरवरून, दोन्ही वेळा ताशी 20 च्या वर नाही. एका सकाळचं काम आहे. बस चालवायला मी येईन.